घरचा स्विच की लॅपटॉपमधलं नेटवर्क: नवतप्याचे नऊ कडक उन्हाचे दिवस काढल्यानंतरचा अनुभव

आपलं काम बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर लिहायचं. नेटवर्क इंजिनिअर व्हायचं नाही, पण आपली सर्व्हिस दोन सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या तुकड्यांमध्ये) कशी वागते, फायरवॉल आडवा आला की काय होतं, हे बघावंच लागतं. त्यासाठी नागपुरात मनीषनगरच्या खोलीत दिवाळीपासून खरं आणि व्हर्च्युअल, दोन्ही प्रकारचं सरावाचं नेटवर्क वापरतोय. एकीकडे बर्डीवरून आणलेला आठ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच, छोटा मायक्रोटिक राउटर आणि दोन जुने डेस्कटॉप. दुसरीकडे १६ जीबी रॅमच्या लिनक्स लॅपटॉपवर नेमस्पेस (एकाच मशीनमधली वेगवेगळी नेटवर्कं), ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) आणि अशी मांडणी फाइलवरून उभी करणारं कंटेनरलॅब.

रोजच्या कामाला व्हर्च्युअलच, यात मला आता शंका नाही. पाच राउटरची मांडणी एका फाइलमध्ये लिहायची, गिटमध्ये टाकायची, बिघडली की पाडून पुन्हा उभी करायची. पुण्यातल्या सहकाऱ्याला फाइल पाठवली की त्याच्याकडेही तीच मांडणी. मला सगळ्यात कामी आलं ते नेटएम, म्हणजे मुद्दाम नेटवर्क खराब करून दाखवणारं लिनक्सचं साधन. ८० मिलिसेकंद उशीर आणि एक टक्का पॅकेट लॉस लावला, तर ऑफिसच्या वायफायवर मख्खन चालणारे आमचे रिट्राय, म्हणजे उत्तर न आल्यास पुन्हा पाठवलेल्या विनंत्या, एकमेकांवर चढायला लागले. एमटीयूचंही (एका पॅकेटच्या कमाल आकाराचंही) तसंच. व्हीएक्सलॅन, म्हणजे एका नेटवर्कच्या पोटात दुसरं नेटवर्क नेणारी पद्धत, लावली की तिचे ५० बाइट वाढतात आणि नेहमीचे १५०० पुरत नाहीत. पिंग जातं, मोठं उत्तर मात्र अडकून बसतं. हे खऱ्या स्विचवर घडवायला अख्खी संध्याकाळ जाते.

त्रास इथेही आहेच. त्याच मशीनवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर ब्रिजमधून जाणारं ट्रॅफिक आयपीटेबल्समधून, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमधून, जाऊ शकतं आणि फॉरवर्डची पॉलिसी ते गुपचूप टाकून देते. पॅकेट दाखवणाऱ्या टीसीपीडंपमध्ये पॅकेट एका बाजूने येताना दिसतं, दुसरीकडून निघतच नाही. शिवाय चेकसम (पॅकेट नीट आलं का ते तपासायचा आकडा) चुकीचा असल्याच्या ओळी दिसतात. घाबरू नका, ऑफलोडिंगमुळे, म्हणजे ते काम नेटवर्क कार्डावर सोडल्यामुळे, तो भरलेलाच नसतो. आणि वेग मात्र इथे मोजू नका. तो आकडा तुमच्या प्रोसेसरचा असतो, नेटवर्कचा नाही.

मग स्विच कशाला? एकदा दोन डेस्कटॉपमध्ये वेग मोजणारं आयपर्फ ९४ एमबीपीएसच्या वर जाईना. दोन्ही कार्ड गिगाबिट, स्विचही गिगाबिट. कार्डाची माहिती दाखवणारं इथटूल लावून पाहिलं तर लिंकच १०० वर बसलेली. १०० एमबीपीएसला तारांच्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. दुकानातून क्रिम्प करून आणलेल्या केबलमध्ये निळ्या जोडीतली एक तार पिनेपर्यंत पोचलीच नव्हती. टोक कापून नवं आरजे-४५ कनेक्टर मारलं आणि ९४० दिसले. व्हर्च्युअल केबलची तार कधी सुटत नाही, म्हणून हे तिथे शिकताही येत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. बऱ्याच छोट्या स्विचच्या कागदावर ४० अंशांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५! कपाटावर ठेवलेला बिनपंख्याचा स्विच दुपारी हात लावू देत नव्हता आणि लिंक मध्येच पडायची. खाली, भिंतीपासून सुटा ठेवला तेव्हा थांबलं. कूलरच्या झोतात ठेवायचा मोह आवरा, ती हवा ओली असते. लाइट गेली की इन्व्हर्टरवर लॅपटॉप आरामात चालतो, डेस्कटॉपचा पसारा नाही.

क्लाउड किंवा कुबरनेटिसवरच (कंटेनर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवरच) काम असेल तर हार्डवेअरवर एक रुपयाही घालू नका. आपलं सॉफ्टवेअर कॅमेरे, दुकानातली पीओएस (बिलिंगची) मशीन, कारखान्यातली उपकरणं यांच्याशी बोलत असेल, तर एक स्विच हवाच. तोही मॅनेज्ड आणि पोर्ट मिररिंगवाला (एका पोर्टचं ट्रॅफिक दुसऱ्यावर उतरवणारा), म्हणजे उपकरणाचं ट्रॅफिक वायरशार्क या पॅकेट बघायच्या प्रोग्रॅममध्ये बघता येतं. साध्या स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्कं करणं) शिकता येत नाही, दुकानदार काहीही सांगो.

राउटर मात्र मी होळीपासून चालूच केलेला नाही. विकायला काढलाय, अडॅप्टरसकट. नागपुरातला कोणी घेणारा असेल तर बोला भाऊ, कुरिअरच्या भानगडीत पडणार नाही.