२० पट्ट्या, एक शेल: सुट्या संचातून बांधलेला भरीव लाकडी स्नेअर

स्नेअर (ड्रम सेटमधला, खालच्या बाजूला तारा लावलेला ड्रम) बांधायच्या संचाचं खोकं उघडल्यावर विसाही पट्ट्या मी एकेक करून दोन बोटांत लोंबत्या धरल्या आणि पेराने वाजवून पाहिल्या. मेपलच्या पट्ट्या, १६५ मिमी लांब, १६ मिमी जाड, बाहेरून ५६ मिमीपेक्षा किंचित रुंद, दोन्ही कडा ९ अंशांत तासलेल्या. सतरा पट्ट्या जवळजवळ एकाच सुरात बोलल्या, दोन थोड्या वरच्या आणि एक बद्द. त्या बद्द पट्टीत टोकाशी केसाएवढी चीर निघाली. शेलची, म्हणजे ड्रमच्या पोकळ गोल अंगाची, उंची मला साडेपाच इंच, म्हणजे १४० मिमी ठेवायची होती, त्यामुळे जास्तीच्या लांबीत ती चीर कापून निघाली. साडेसहा इंची ड्रम करायचा असता तर तिथेच अडले असते, कारण संचात एकही जादा पट्टी दिलेली नाही. हा या संचातला मला सगळ्यात जास्त खटकलेला दोष.

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगते. बाजारातल्या बहुतेक लाकडी स्नेअरचं शेल प्लायचं असतं. पातळ थर चिकटवून गोल साच्यात दाबलेले. भरीव शेलमध्ये भिंतीच्या पूर्ण जाडीत एकच लाकूड असतं. त्याची जुनी रीत म्हणजे लांब फळी वाफेवर मऊ करून वाकवायची. १९३०च्या दशकातला स्लिंगरलँड कंपनीचा रेडिओ किंग स्नेअर, जॅझ ड्रमर जीन क्रुपाने वाजवलेला, असाच एका मेपलच्या फळीचा होता. १८५४ पासून ड्रम बनवणाऱ्या नोबल अँड कूलीचं नावही अशाच वाकवलेल्या शेलसाठी घेतलं जातं. तो आवाज मी कॉलेजात असताना एका स्टुडिओत समोरासमोर ऐकला आणि तेव्हापासून तो डोक्यातून गेला नाही. पण फळी वाकवायला वाफेची पेटी हवी, साचा हवा, आणि सरळ रेषांची निवडक फळी हवी. वाकताना ती तडकली की लाकूड आणि मेहनत दोन्ही वाया. असा ड्रम विकत घेणं मला परवडत नाही आणि घरी वाकवणं जमणार नाही.

लाकडी पिंपाच्या फळ्या जोडतात तशा पट्ट्या उभ्या जोडून शेल करता येतं. त्यात सगळी कापणी सरळ रेषेत असते. अवघड असतो तो फक्त कोन, आणि या संचात मी खरे पैसे मोजले ते त्या कोनासाठीच.

पट्ट्यांच्या संख्येने १८० ला भागलं की कडेचा कोन मिळतो. २० पट्ट्यांना ९ अंश. पण कडा चाळीस आहेत. प्रत्येक कडेत ०.१ अंशाची चूक एकाच बाजूला झुकली तर शेवटच्या सांध्यापाशी ४ अंश जमतात, आणि १६ मिमी जाडीत ती फट एक मिमीच्याही वर जाते. वर्षभरापूर्वी मी टाकाऊ लाकडाच्या १२ पट्ट्या स्वतः कापून पाहिल्या होत्या. कडं काही केल्या मिटलं नाही. तेव्हाच ठरवलं की बाकी सगळीकडे काटकसर करीन, कोन मात्र चांगल्या यंत्रावर कापलेलाच घेईन.

वीस हा आकडाही विचार करून निवडला. १४ इंची स्नेअरला मला दहा लग (ड्रमचा पडदा ताणायचे स्क्रू ज्यांत बसतात ते शेलवरचे धातूचे ठोकळे) हवे होते. दहा लग म्हणजे ३६ अंशांचं अंतर, वीस पट्ट्या म्हणजे १८ अंशांचं. एकाआड एक पट्टीच्या बरोबर मधोमध लग बसतो आणि एकही भोक सांध्यावर पडत नाही. आठ लग हवे असतील तर १६ किंवा २४ पट्ट्या घ्या.

पट्ट्या पालथ्या मांडून पाठीवर चिकटपट्टी लावली, उलटं करून कडं वळवलं, गोंदाशिवाय. शेवटच्या सांध्यात व्हिजिटिंग कार्ड सरकलं. फट आतून, बाहेरून घट्ट. म्हणजे कडा हव्या त्यापेक्षा कणभर जास्त तासलेल्या. कार्डाची जाडी कॅलिपरने ०.३ मिमी भरली. ती चाळीस कडांत वाटली तर एका कडेच्या वाट्याला ०.०३ अंशही येत नाहीत. या किमतीच्या संचात इतकी अचूकता मिळेल असं मला वाटलं नव्हतं, आणि इथे माझं मन भरलं.

पट्टे आवळून ती फट सहज मिटली असती. बाबा शेजारी उभे होते, ते म्हणाले, "ओढून मिटवू नकोस. ओढलेला सांधा आज मिटतो आणि हवा बदलली की उघडतो." मग दहा-दहा पट्ट्यांचे दोन अर्धे केले. पूर्ण कडं एकदमच बांधलं, पण समोरासमोरचे दोन सांधे चिकटपट्टी लावून कोरडे ठेवले. आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या वापरल्या. ताण सगळीकडे सारखा बसतो आणि खर्च काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही अर्धे सोडवले, काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यांची तोंडं घासली. उजेडासमोर धरल्यावर सांध्यातून उजेड दिसेनासा झाला तेव्हाच गोंद लावला. सूचनांच्या कागदात ही युक्ती नाही. असायला हवी होती, कारण पहिल्यांदा करणाऱ्याचं शेल नेमकं इथेच बिघडतं.

त्या कागदातली एक गोष्ट तर सरळ चुकीची आहे. बाहेरचा व्यास ३५५ मिमी ठेवा, असं त्यात लिहिलंय. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी हे खरं, पण ते ड्रमचं नावापुरतं माप झालं. हेडच्या, म्हणजे वाजवायच्या पडद्याच्या, कड्याला शेलभोवती मोकळी जागा लागते, नाहीतर हेड अडकतं आणि सुरात येत नाही. मी ३५२ मिमीवर आणलं. पट्ट्यांच्या शेलला ही मोकळीक जरा जास्तच लागते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. इथे रेषा उभ्या आहेत, म्हणजे दमट हवेत सगळं फुगणं परिघात जातं. वाफेवर वाकवलेल्या शेलमध्ये रेषा गोलाकार फिरतात, तिथे हा त्रास कमी.

लेथ माझ्याकडे नाही. प्लायवूडच्या तुकड्यांचा एक सांगाडा केला: मधे खुंटी, तिच्यावर फिरणारी चकती, चकतीवर शेल, आणि वर रुळावर राऊटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र). शेल हाताने हळूहळू फिरवायचं, राऊटर दर वेळी अर्धा मिमी खाली. बाहेरून विसाचे कोपरे गेले आणि गोल झालं, मग आतून तेच. १६ ची जाडी १२ वर आली. घाई केली की सांध्यापाशी रेषा उपटून येतात; एका ठिकाणी आली, आणि तो भाग मी नंतर थ्रो-ऑफच्या, म्हणजे तारा लावायच्या-सोडायच्या खटक्याच्या, खाली घेतला. मास्क लावा. कठीण लाकडाचा बारीक धुरळा फुप्फुसांना खरोखरच घातक आहे, आणि या कामात तो ढिगाने उडतो.

धातूचं सामान मी नवं घेतलं नाही. शेलला मोठा पोचा पडलेला एक जुना १४ इंची स्टीलचा स्नेअर विकत घेतला. त्यातून दहा लग, वीस टेन्शन रॉड (हेड ताणायचे लांब स्क्रू), वरचा हूप (हेड दाबून धरणारं धातूचं कडं), थ्रो-ऑफ आणि तारांचं दुसरं टोक धरणारी बट प्लेट मिळाली. हे सगळं सुटं घेतलं असतं तर पट्ट्यांच्या संचापेक्षा दुप्पट खर्च आला असता. कमी खर्चात भरीव लाकडाचा स्नेअर हवा असेल तर मला सापडलेला हा सगळ्यात चांगला मार्ग आहे. मात्र दोन गोष्टी आधीच पाहून ठेवा. स्टीलचं शेल जेमतेम एक मिमीचं असतं, त्याच्या लगचे स्क्रू १२ मिमी लाकडापलीकडे पोचतच नाहीत. त्याच आट्यांचे लांब स्क्रू आणावे लागतात. दुसरं, जुना लग लांब असेल तर शेलची उंची त्याच्याशी जुळली पाहिजे. मी साडेपाच इंच त्याचसाठी धरले.

खालचा हूप काचेवर ठेवला तर डुलत होता. वाकडा हूप कितीही फिरवला तरी एका बाजूचा रॉड ढिला राहतोच. तो टाकला आणि २.३ मिमीचा नवा घेतला. दोन हेड, वीस तारांचा संच आणि हा हूप एवढंच नवं.

मग बेअरिंग एज. हेड जिथे लाकडाला टेकतं ती ही कड, आणि माझ्या मते ड्रमचा निम्मा आवाज इथे ठरतो. आधी शेलची दोन्ही तोंडं काचेवरच्या पॉलिश पेपरवर इतकी घासली की अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च ठेवल्यावर कुठूनही उजेड झिरपला नाही. मग आतून ४५ अंशांचा उतार, बाहेरून हलकीशी गोलाई. या कामाला मी अख्खा रविवार दिला. रविवार संपला तेव्हा कड बोटाखाली कुठेही तुटत नव्हती, आणि मी बराच वेळ नुसतं बोटच फिरवत बसले होते.

स्नेअर बेड मात्र तीनदा करावे लागले. खालच्या कडेवर समोरासमोर असलेले हे दोन उथळ खोलगट भाग, ज्यांच्यामुळे तारा हेडला टोकापर्यंत टेकून राहतात. भीतीपोटी पहिल्यांदा फारच उथळ केले, तर तारांची टोकं वर राहून हळू वाजवताना करकरत होती. कानशीने थोडं, मग आणखी थोडं खाली गेले. सुमारे एक मिमी खोली आणि दहा सेंटिमीटर रुंदीवर करकर थांबली.

आतून-बाहेरून शेलॅकचा पातळ हात आणि बाहेर वर जवसाचं तेल. आतली बाजू उघडी सोडू नका, ओल तिथूनही शिरते. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.

तयार शेल सामानाशिवाय सव्वा किलोच्या आसपास भरलं. हातात लोंबतं धरून मुठीने ठोकलं तर स्वच्छ एक सूर येतो, खोलीतल्या कुणालाही गुणगुणता येईल असा.

जुन्या स्टीलच्या शेलवर हीच हेड आणि ह्याच तारा लावून मी आधी रेकॉर्ड करून ठेवलं होतं, म्हणून तुलना अंदाजाने करत नाही. स्टीलमध्ये फटका संपल्यावर वरचे सूर बराच वेळ घोळत राहायचे, मी त्यावर टेप लावायचे. लाकडात तो घोळ नाही. फटका येतो, त्याच्यामागे शेलचा तो एक सूर दाट होऊन उभा राहतो, आणि दोन्ही एकत्र थांबतात. टेप काढून टाकली. रिमशॉट (काठी हेडवर आणि हूपवर एकदम मारलेला फटका) इतका मोठा आहे की छोट्या खोलीत मी तो जपून मारते. क्रॉस-स्टिकला, म्हणजे काठी हेडवर आडवी टेकवून हूपवर ठोकली की, टणक, कोरडा ठोका मिळतो. हे मला सगळ्यात जास्त आवडलं. घोस्ट नोटबद्दल, म्हणजे अगदी हलक्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या फटक्यांबद्दल, धास्ती होती, कारण जाड भिंत हलक्या फटक्याला लवकर जागी होत नाही असं ऐकलं होतं. तारा स्पष्ट बोलतात. श्रेय कडेला आणि तिसऱ्यांदा केलेल्या बेडना.

हेड फार सैल केलं की मात्र तो ढोबळ, खोल आवाज येत नाही. मधल्या आणि चढ्या ताणात हा ड्रम खुलतो, खाली आणलं की नुसता जाड होतो. तुम्हाला खोल, पसरट बॅकबीट (दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअरचा ठोका) हवा असेल तर याच पट्ट्यांतून साडेसहा इंची करा आणि भिंत ८-९ मिमीपर्यंत पातळ करा, मी पुढच्या वेळी तेच करणार आहे.

दोन महिन्यांत सांधे सगळे जागच्या जागी. थ्रो-ऑफ घसरतो, जोरात वाजवताना तारा हळूहळू ढिल्या पडतात. जुन्या ड्रममधून आलेला तेवढा एक भाग बदलायचा आहे. संच पुन्हा घेईन का? हो, पण मागवतानाच २१ पट्ट्या पाठवा म्हणून सांगेन.