खुब्याचं ऑपरेशन: रक्त राखून ठेवायचं की स्क्रीन पुरे?

खुबा किंवा मांडीचं हाड मोडलेला पेशंट दाखल झाला की "दोन बाटल्यांची सोय करा" हे ऐकावं लागतंच. ही सोय दोन प्रकारे होते. रक्तगट आणि अँटीबॉडी स्क्रीन (दुसऱ्याच्या रक्ताला विरोध करणारी द्रव्यं पेशंटच्या रक्तात आहेत का, ही तपासणी) करून नमुना ब्लड बँकेत ठेवायचा, किंवा पिशव्या क्रॉसमॅच करून (म्हणजे त्या पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का हे तपासून) पेशंटच्या नावावर राखून ठेवायच्या.

नुसत्या स्क्रीनमध्ये पिशवी अडकून पडत नाही आणि खर्चही कमी. स्क्रीन निगेटिव्ह असेल, तर गरज पडल्यावर रक्त लवकर हातात येतं; पण ब्लड बँक त्याच इमारतीत असेल तरच. पूर्ण क्रॉसमॅचला पाऊण तासाच्या आसपास जातो. तो आधीच उरकलेला बरा वाटतो खरा, पण रक्त लागलं नाही तर राखून ठेवली तेवढा वेळ ती पिशवी दुसऱ्या गरजूला मिळत नाही.

मग ठरवायचं कसं? आधी बघा, हाड कुठं मोडलंय. खुब्याच्या सांध्याच्या आत, मांडीच्या हाडाच्या मानेशी (गोळ्याखालच्या बारीक भागात) मोडलं असेल तर रक्तस्राव बेताचा. त्याच्या खाली मोडलं की जास्त, आणि मांडीचा दांडा मोडला तर लिटरभर रक्त मांडीतच मुरतं, बाहेर थेंब दिसत नाही. दाखल होतानाच्या हिमोग्लोबिनवर विसंबू नका. म्हातारं माणूस पाण्याविना पडून असतं, आकडा बरा दिसतो. सलाईन चढली की दुसऱ्या दिवशी उतरतो. ऑपरेशनआधी तो पुन्हा तपासायला सांगा. तो ८ च्या खाली गेला किंवा धाप, छातीत दुखणं असं काही झालं तर रक्त द्यायचं, ही रीत २०११ च्या मोठ्या अभ्यासानंतर रुळली.

बेळगावात ब्लड बँक असलेल्या दवाखान्यात मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर आणि हिमोग्लोबिन चांगलं, तर माझ्या मते स्क्रीन पुरे. खानापूरकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये ब्लड बँक नसेल, तर पिशव्या राखूनच टेबलावर घ्यायला लावा. स्क्रीन पॉझिटिव्ह आली तर चर्चाच नको: जुळणारी पिशवी शोधण्यात दिवसही जाऊ शकतो, ती हाती आल्याशिवाय ऑपरेशन नको.

निपाणीकरांनी एक ध्यानात ठेवावं. बेळगावात क्रॉसमॅच झालं आणि पेशंट कोल्हापूरला हलवला, तर तिथं नमुना नव्याने द्यावा लागतो. आणि वॉर्डात पाटील आज्जी दोन-दोन असतात. पिशवी लावताना नाव, नंबर मनगटावरच्या पट्टीशी ताडून घ्यायला सांगायला लाजू नका.