हवामान खात्याची चक्रीवादळ बुलेटिनं: सातपाटीहून अनुभव

आमची एक बोट आहे. समुद्रावर बाबा जातात, घरी मोबाईलवर बुलेटिनं मी वाचते. ही सेवा किती कामाची आहे ते मला ऑगस्ट २०२४ मध्ये कळलं.

१९ तारखेला नारळी पौर्णिमा झाली. पापलेटचे दिवस, आणि महिनाअखेर गुजरातवर डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालचं वादळ, येऊन बसलं. बडोद्यात पूर. बंदरावर सगळे म्हणत होते, जमिनीवर आलंय म्हणजे विरणारच. बुलेटिनमध्ये मात्र उलटं लिहिलं होतं: कच्छवरून समुद्रात उतरेल आणि जोर धरेल. मी म्हटलं, "बाबा, दोन दिवस थांबा." भरलेला बर्फ वितळताना बघणं सोपं नसतं, तरी ते थांबले.

३० ऑगस्टला तसंच झालं. वादळाला 'असना' नाव मिळालं, पाकिस्तानने सुचवलेलं. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये चक्रीवादळ १९७६ नंतर पहिल्यांदाच. एरवी पावसाळ्यात खाली समुद्रालगत नैर्ऋत्येचा जोरदार वारा आणि वर उंचावर पूर्वेचा, त्यात वादळाचा खांब उभाच राहत नाही.

वादळ ओमानच्या दिशेने निघालं तशा टीव्हीवरच्या बातम्या थांबल्या. बुलेटिनं थांबली नाहीत. वादळ असेपर्यंत दर तीन तासांनी नवी जागा, नवा वेग. मला ही सेवा आवडते ती यासाठीच. कधी थांबायचं ते बरेच जण सांगतात, पण कधी निघायचं ते ठरवायला वादळाचा शेवटही कळावा लागतो. अरबस्तानाकडची कोरडी हवा आत शिरली आणि असना ढासळलं: चक्रीवादळाचं डीप डिप्रेशन, मग डिप्रेशन, आणि २ सप्टेंबरला नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. उतरती पायरी आदल्या दिवशीच्या अंदाजात होतीच.

सविस्तर बुलेटिन इंग्रजीत असतं, पण शब्द ठरलेले आहेत, चार वेळा वाचलं की जमतं. वारा १७ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पोचला की डिप्रेशन, २८ ला डीप डिप्रेशन, ३४ ला चक्रीवादळ. नकाशावरची वादळाच्या अंदाजी मार्गाची रेघ एकटी बघू नका, तिच्याभोवतीचा पसरत जाणारा पट्टा बघा, वादळ त्यात कुठेही जाऊ शकतं. मच्छीमारांसाठीचा इशारा खालच्या बाजूला असतो, तिथपर्यंत नक्की जा. आणि बंदरावर तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा लागलेला असेल तर मोबाईल खिशात ठेवा, बोट बांधा.

आता बाबा डिझेल भरायच्या आधी मला विचारतात, "आज काय आलंय?"