स्वयंचलित एसी, खारी हवा आणि अर्थिंगचा एक बोल्ट: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

गाडीचे मायलेज, बूट आणि सीट यांविषयी पुष्कळ लिहून झालेले आहे, त्यामुळे मी फक्त तिच्या स्वयंचलित एसीविषयी लिहिणार आहे. रत्नागिरीत समुद्राच्या अंगाला राहणाऱ्याला एसी ही चैन वाटत असेल, तर त्याने जुलैत एसी बंद ठेवून आंबा घाट चढून पाहावा. काचेवर आतून बाफ धरते, कापडाने पुसेपर्यंत ती पुन्हा धरते आणि समोरून एसटी येत असते. एसी आतल्या हवेतली ओल काढतो म्हणूनच काच स्वच्छ राहते, आणि म्हणून त्याचा बिघाड मी किरकोळ मानत नाही.

पहिल्या पावसाळ्यात बिघाड सुरू झाला. ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, वाढवला की पॅनेलवरचे तापमान जाऊन तिथे नुसत्या रेघा येत, कॉम्प्रेसर बंद पडे आणि कोमट हवा येऊ लागे. ब्लोअर कमी केला किंवा कोरड्या दुपारी गाडी काढली की सगळे सुरळीत चाले. अधिकृत सर्व्हिस सेंटरने गॅस कमी असल्याचे सांगून गॅस भरला आणि बिल दिले. गळून गेलेला गॅस दुपारी परत येत नाही, एवढा साधा विचारही तिथे कोणी केला नाही. तक्रार कायम राहिल्यावर त्यांनी संपूर्ण कंट्रोल पॅनेल बदलण्याचे पाच आकडी अंदाजपत्रक हातात ठेवले. तेव्हा किनारपट्टीवर राहणाऱ्याने गोल बटणांचा साधा एसी असलेलेच मॉडेल घ्यावे, असे माझे ठाम मत झाले होते.

ते मत बदलले एका ऑटो इलेक्ट्रिशियनमुळे. त्याने गॅसचा दाब मोजणाऱ्या गेजला हात लावण्याआधी गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडला. ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या नियंत्रक संगणकात, यू०१६४ हा कोड होता, म्हणजे एसीच्या मॉड्यूलशी (एसीच्या छोट्या संगणकाशी) संपर्क तुटल्याची नोंद. माझ्या गाडीत एसीचे मॉड्यूल कॉम्प्रेसर स्वतः चालू करत नाही. ते कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या मॉड्यूलांना जोडणाऱ्या दोन तारांच्या जाळ्यावरून ईसीएमकडे मागणी पाठवते आणि ईसीएम कॉम्प्रेसरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढते. मागणीच पोहोचली नाही तर गॅस कितीही भरलेला असला तरी गारवा मिळणार नाही.

मग त्याने बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमधील ६ आणि १४ या पिनांमधला रोध मोजला. तो ६० ओहमच्या आसपास आला. कॅनच्या दोन टोकांना १२० ओहमचे एकेक रेझिस्टर असते आणि दोन्ही समांतर मिळून ६० होतात. १२० आले असते तर कुठेतरी तार तुटलेली आहे असे समजायचे. बाकीची मॉड्यूले एकमेकांशी बोलत होती आणि फक्त एसीचेच गप्प होत होते, त्यामुळे त्याचा संशय त्या मॉड्यूलच्या सप्लायवर आणि अर्थिंगवर, म्हणजे करंट बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या जोडणीवर गेला.

सर्व्हिस सेंटरने हीच अर्थिंग मल्टिमीटरच्या बीपवर तपासून ‘ठीक’ असा शेरा दिला होता. इथे माझा मुख्य आक्षेप आहे. बीपच्या तपासणीत मीटर तारेतून अत्यल्प करंट सोडतो आणि तेवढा करंट एका उरलेल्या बारीक धाग्यातूनही जातो. ०.०५ ओहमचा अडथळा त्या मीटरच्या लेखी शून्यच असतो, पण त्यातून २० अँपिअर वाहू लागले की तिथे १ व्होल्ट खर्ची पडतो. म्हणून अर्थिंग तपासायची ती भार देऊन. त्याने इंजिन चालू ठेवून ब्लोअर पूर्ण वाढवला, मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन मॉड्यूलच्या अर्थिंगला लावली. तिथे ०.१ व्होल्टच्या आत असायला हवा असलेला आकडा ३ व्होल्टच्या वर-खाली नाचत होता आणि मध्येच उसळी घेत होता. प्रत्येक उसळीला पॅनेलवर रेघा येत होत्या.

डाव्या पायाजवळचे प्लास्टिक आणि गालिचा काढल्यावर तो बोल्ट सापडला. लगवर, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, हिरवी पूड साचलेली, आणि तापून तारेचे वेष्टण तपकिरी पडलेले. वीस अँपिअर खेचणारा ब्लोअर आणि नाजूक मॉड्यूल या दोघांची अर्थिंग या एकाच बोल्टवर आणायची, आणि तो बोल्ट पाणी झिरपू शकेल अशा ठिकाणी द्यायचा, ही रचना मला आजही पटत नाही. वायपरखालच्या जाळीत आंब्याचा पातेरा साचून निचऱ्याचे भोक बुजले होते, आणि ते पाणी आत उतरत होते. तांब्याचा लग, पोलादी बॉडी आणि मध्ये खारट ओल, असे असल्यावर गंज चढायला वेळ लागत नाही. पत्रा घासून, नवा लग दाबून, वर ग्रीस लावून त्याने काम पूर्ण केले. खर्च गॅसच्या बिलापेक्षाही कमी आला. ब्लोअर पूर्ण असताना आकडा ०.०४ वर स्थिर राहिलेला मी स्वतः पाहिला.

त्यानंतर एसी इतका चांगला चालला, की साध्या एसीचा आग्रह मी सोडून दिला. घाटात काच आपोआप स्वच्छ राहते, हात बटणाकडे न्यावा लागत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात मात्र एसीची हवा वळवणाऱ्या झडपांच्या सगळ्या मोटरी एकदम थांबल्या. त्या लिन नावाच्या, निरोप नेणाऱ्या एकाच तारेवर असतात. तारेवरून निरोप जात नसताना तिच्यावर जवळजवळ बॅटरीइतका व्होल्टेज हवा, पण तो शून्याजवळ होता. शेवटच्या मोटरपासून एकेक कपलर (तारेचा जोड) काढत गेल्यावर एका मोटरपाशी व्होल्टेज परत आला, आणि तेवढी एकच मोटर बदलावी लागली. साध्या एसीत असा सगळ्यांचा खोळंबा झाला नसता, हे मान्य केले पाहिजे. तरीही मी हाच एसी पुन्हा घेईन. अट इतकीच, की जूनपूर्वी जाळीतला पातेरा काढायचा आणि तो बोल्ट दरवर्षी भार देऊन तपासायचा.

गॅसचे पैसे परत मिळावेत, यासाठी मी सर्व्हिस सेंटरला लेखी अर्ज दिला आहे. गॅस भरण्यापूर्वी मोजलेला दाब आणि स्कॅनरमध्ये आढळलेले कोड त्यांच्या जॉबकार्डवर नाहीत, आणि माझी मागणी त्याच दोन रिकाम्या रकान्यांवर उभी आहे.