जुना कॉम्प्युटर: विंडोज १० वर थांबायचं, ११ वर जायचं की लिनक्स मिंट टाकायचं?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अपडेटचा पुरवठा, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांपूर्वीचं मशीन आहे, ते सगळे एकाच पेचात आहेत: विंडोज १० वरच थांबायचं, ११ वर जायचं, की विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात सीपीयू घेऊन गेलं की बहुधा सल्ला मिळतो, "भावा, नवीनच घे की, ह्यात आता काय ऱ्हायलं नाही." मला हा सल्ला पटत नाही. घरात जी कामं होतात त्यांतली बहुतेक हे मशीन अजून तीन-चार वर्षं सहज ओढेल. फक्त सॉफ्टवेअर निवडताना दुसऱ्याच्या मशीनवरचे अनुभव बाजूला ठेवायचे आणि आपल्या घरच्या कामांवर ते पारखून घ्यायचं.

नमुन्यादाखल आमच्या मावशीकडचा कॉम्प्युटर घेऊ. मंगळवार पेठेतलं घर, असेंबल केलेलं मशीन: तिसऱ्या पिढीचा इंटेल आय-थ्री ३२२०, एच६१ चा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर-थ्री रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मावशी त्यावर लाइट बिल भरते, बँकेचं बघते, भजनी मंडळाच्या याद्या करते आणि संध्याकाळी कीर्तनाचे व्हिडिओ लावते. काका एका पतसंस्थेचं इतिवृत्त टाइप करतात. तुमच्या घरची यादी थोडीफार वेगळी असेल, पण ती कागदावर लिहून काढा. पुढची सगळी तुलना त्या यादीवरच ठरते.

आधी डिस्क, मग बाकीचं

एखादं सॉफ्टवेअर जड आहे असं ठरवण्याआधी टास्क मॅनेजर उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की तो येतो. कॉम्प्युटर सुरू करून काहीही न उघडता थोडा वेळ त्याच्याकडे नुसतं बघत बसा. मावशीच्या मशीनवर प्रोसेसर निवांत होता, रॅम निम्मीअधिक भरलेली होती आणि डिस्कचा रकाना मात्र १०० टक्क्यांवर चिकटून बसला होता. घरातले सगळे ब्राउझरला दोष देत होते, आणि खरं दुखणं डिस्कमध्ये होतं. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभरएक वेगवेगळ्या जागांवरून माहिती उचलू शकते. साधी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी नव्या पद्धतीची डिस्क, तेच काम हजारोंनी करते. विंडोज सुरू होताना अशा बारीकसारीक फाइलींचाच ढीग उपसावा लागतो.

एच६१ च्या बोर्डावर डिस्क जोडायला जुना साटा-टू पोर्ट असतो. त्यामुळे एसएसडीचा पुरा वेग मिळत नाही, सेकंदाला ३०० एमबीच्या आतच राहतो. "मग कशाला टाकायची?" असं काही जण विचारतात. घरच्या वापरात मोठ्या फाइली सलग वाचायचं काम क्वचित असतं, बारीक फाइली शोधायचं काम सतत असतं, आणि तिथे या पोर्टवरसुद्धा जमीन-अस्मानाचा फरक पडतो. २४० किंवा २५६ जीबीची साधी एसएसडी पुरते. जमलं तर रॅमच्या रिकाम्या खाचेत अजून ४ जीबीची पट्टी. हा खर्च तिन्ही पर्यायांना सारखाच आहे, म्हणून तो मी तुलनेतून बाहेर काढतो. जुन्या हार्ड डिस्कवर "मिंट पळतंय की विंडोज" हे बघण्यात काही अर्थ नाही, दोन्ही रखडतात.

आणखी दोन गोष्टी सॉफ्टवेअरच्या नावावर खपतात. बंद करून उघडल्यावर तारीख मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तारीख चुकली की बँकेची साइटही "असुरक्षित" म्हणून अडून बसते. आणि कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत रॅमच्या पट्टीवर थर धरतो. बीप वाजून स्क्रीन काळीच राहिली, तर पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसून परत बसवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

तीन पर्याय समोरासमोर

विंडोज १० वर थांबणं हा सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग. प्रिंटर, टायपिंग, जुनी सॉफ्टवेअर, सगळं आहे तसं चालतं. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवला तर ही वाढीव मुदत फुकट मिळते, नाहीतर एकदाच ३० डॉलर किंवा तेवढे रुपये. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरच नावनोंदणी होते. ही नोंदणी न करता त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहार करत राहणं मला अजिबात मान्य नाही. अँटिव्हायरस आहे ना, असं म्हणून चालत नाही. अँटिव्हायरस ओळखीच्या व्हायरसला अडवतो, खुद्द विंडोजमधली भगदाडं बुजवणं त्याच्या हातात नसतं.

आणि विंडोज अस्सल हवं. दुकानात "फुकटात टाकून देतो" म्हणून जे बसवलं जातं, त्यातला अ‍ॅक्टिव्हेटर (नकली विंडोजला अस्सल भासवणारा प्रोग्राम) चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. ज्या घरात म्हाताऱ्या माणसांची पेन्शनची खाती त्या कॉम्प्युटरवरून उघडली जातात, तिथे हे करू नये. दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. कागदावर त्याला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते, पण खरी अट पुढे आहे: टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअर अस्सल आहे का ते तपासणारी सोय) आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. मावशीचा आय-थ्री तिसऱ्या पिढीचा, म्हणजे विषय संपला. अटी चुकवून ते बसवता येतं, आणि बसवून देणारे गावात आहेतही. पण अशा मशीनला मायक्रोसॉफ्ट अपडेटची हमी देत नाही आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती आली की परत हाताने खटाटोप करावा लागतो. तो खटाटोप मावशी करणार नाही, म्हणजे दर वेळी तुम्ही किंवा मी. २४एच२ आवृत्तीपासून तर कोअर टू ड्युओसारखे प्रोसेसर सुरूसुद्धा होत नाहीत, कारण विंडोजला लागणाऱ्या काही इन्स्ट्रक्शन्स त्या प्रोसेसरमध्येच नाहीत. तुमचं मशीन २०१८ नंतरचं असेल तर मात्र विंडोज ११ चा विचार आधी करा. पुष्कळदा टीपीएम असतो, पण बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेला असतो.

लिनक्स मिंट फुकट आहे, अस्सल आहे, आणि त्याची २२ ही मालिका २०२९ पर्यंत अपडेट घेत राहणार आहे. जुन्या मशीनसाठी त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. किमान २ जीबी रॅम लागते असं मिंटवाले सांगतात, पण ४ असली तरच वापरणाऱ्याला बरं वाटतं. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला हे घर ओळखीचं वाटतं. मावशीला फायरफॉक्सचं चित्र दिसलं आणि पुढचं तिचं तिने केलं.

मिंटची सगळ्यात मोलाची सोय म्हणजे ते बसवण्याआधी वापरून बघता येतं. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ते उतरवायचं, पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करायचा. डिस्कला हातही लागत नाही. पेन ड्राइव्हवरून ते जरा सुस्त चालतं, तेव्हा वेगावरून मत बनवू नका. बघायचं ते हे: वाय-फाय पकडलं का, आवाज येतो का, प्रिंटर निघाला का, मराठी उमटलं का. स्वस्तातले काही यूएसबी वाय-फाय डोंगल इथे अडतात. तेवढ्यापुरता फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला मिळतं.

गूगलची क्रोमओएस फ्लेक्स ही ऑपरेटिंग सिस्टिमही काही जण सुचवतात. नुसतं ब्राउझिंग असेल तर चालेल, पण त्यात अँड्रॉइडची अ‍ॅप्स मिळत नाहीत आणि बसवताना अख्खी डिस्क पुसली जाते. घरच्या मशीनसाठी मी ते घेणार नाही.

गाडी कुठे अडते

मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर माझा चुलतभाऊ हिशेब लिहितो. घरी आल्यावरही टॅली उघडावं लागतं, डिजिटल सहीचं टोकन लावून रिटर्न भरावं लागतं. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, आणि टोकनचे ड्रायव्हर सगळ्या कंपन्यांचे सारख्या सोयीने मिळत नाहीत. त्याला मी मिंटचं नावही काढलं नाही. एसएसडी, ८ जीबी रॅम आणि विंडोज १० ची वाढीव मुदत, एवढ्यावर ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालवायचं आणि मग आठव्या पिढीचं वापरलेलं मशीन बघायचं, असं आमचं ठरलंय.

प्रिंटरचंही तसंच. आपल्याकडे पुष्कळ घरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवणं कटकटीचं आहे. एचपीचे बरेचसे लेसर प्रिंटर मात्र एचपीलिप या सॉफ्टवेअरने चालतात. तुमचा प्रिंटर पहिल्या गटातला असेल आणि रोज प्रिंट काढावी लागत असेल, तर निर्णय प्रिंटरच घेईल.

आता मराठी. इथे घाई केली तर पुढे फार मनस्ताप होतो. काकांचं जुनं इतिवृत्त शिवाजी फॉन्टमध्ये आहे. अशा जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेश चढवतो. फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो आणि माणूस घाबरतो. मिंटवर लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरसाठी तो फॉन्ट टाकला की जुन्या फाइली वाचता येतात. पण श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सवय असेल तर ती विंडोजवरच राहते. युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, टाइप करणाऱ्याला ही अडचण नाही. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड विंडोजमध्येही आहे आणि मिंटमध्येही, आणि कळांची जागा तीच.

एमएस ऑफिस की लिब्रेऑफिस, याचं उत्तर मी थोडक्यात देतो. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्टही विंडोज १० बरोबरच संपला. पत्र, यादी, साधा हिशेब एवढंच असेल तर लिब्रेऑफिस पुरे. ते विंडोजवरही चालतं, म्हणजे मिंटकडे जाण्याआधी महिनाभर त्याची सवय करून घेता येते. रकान्यांनी गच्च भरलेला सरकारी नमुना वर्डमधून आला असेल तर त्याच्या ओळी लिब्रेऑफिसमध्ये सरकतात. तो पीडीएफ करून मागवा.

ब्राउझर आणि व्हिडिओ

४ जीबी रॅमवर सगळ्यात जास्त ताण इथेच पडतो. क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही रॅम खातात. नुसत्या वेगावर मला त्यांच्यात डावं-उजवं करता येणार नाही. माझं मत फायरफॉक्सकडे झुकतं ते एका कारणाने: यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन तिथे पुऱ्या ताकदीने चालतं, क्रोममध्ये आता त्याची हलकी आवृत्तीच उरली आहे. मराठी बातम्यांच्या साइटवर आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि सरकत्या जाहिराती थांबल्या की जुनं मशीन मोकळा श्वास घेतं. बँकेच्या साइटसाठी क्रोम वेगळं ठेवलं तरी हरकत नाही.

कीर्तनाचा व्हिडिओ अडखळत होता, त्याचं मूळ वेगळंच निघालं. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ पद्धतीने पाठवतं. तिसऱ्या पिढीच्या इंटेलमधल्या ग्राफिक्सला ते उलगडायची सोय नाही, एच.२६४ उलगडायची आहे. म्हणून सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा घोंगावायला लागतो. एच२६४इफाय नावाचं छोटं एक्स्टेन्शन यूट्यूबकडून एच.२६४ मागवून घेतं. विंडोजवर याचा गुण लगेच दिसतो. मिंटवर व्हिडिओची क्वालिटी ७२०पी वर ठेवली की कीर्तनाला तेवढं पुष्कळ होतं.

मावशीच्या घरी आम्ही एसएसडीवर मिंट टाकलं, आणि काकांच्या इतिवृत्तासाठी जुनी हार्ड डिस्क विंडोज १० सकट तशीच जोडून ठेवली. सुरू करताना कुठलं हवं ते निवडता येतं. विंडोज फक्त टायपिंगपुरतं वापरायचं, बँकेचं सगळं मिंटमध्ये. असा दुहेरी संसार प्रत्येकाला मानवेल असं नाही. घरात विंडोजशिवाय अडणारं एकही काम नसेल तर सरळ मिंट, आणि असं एक जरी काम रोजचं असेल तर विंडोज १० ची वाढीव मुदत.

काहीही बदलण्याआधी डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. फोटो आणि कागदपत्रं सगळेच घेतात, राहतात ती वेगळीच: विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले मराठी फॉन्ट, टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, डेस्कटॉपवर विखुरलेल्या फाइली. कॉपी झाल्यावर त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, आणि मगच जुन्या डिस्कला हात लावा.