एसएफ-४०० काटा: मटणाच्या रश्श्याच्या कॅलरी काढायला कितपत कामाचा?

पांढरं प्लॅस्टिक, मधे गोल तबकडी, खाली छोटा पडदा. स्वयंपाकघरात वापरायचा स्वस्त डिजिटल काटा मागवला की बहुतेक वेळा एसएफ-४०० हेच मॉडेल हातात पडतं. खोक्यावरची नावं डझनभर, आतला काटा तोच. १० किलोपर्यंत वजन, १ ग्रॅमचा टप्पा, दोन सेल, तीन बटणं, किंमत तीनशे-चारशेच्या घरात. केकवाल्यांनी त्याचं कौतुक पुरेसं केलंय. इथे प्रश्न वेगळा आहे: घरी शिजवलेल्या मटण-चिकनच्या कॅलरी त्याच्या जोरावर नीट लिहिता येतात का? येतात. मात्र कॅलरी नोंदवायच्या ॲपमधली ‘मटण करी, एक वाटी’ ही तयार नोंद निवडायची असेल तर काटा घेऊच नका, पैसे वाया जातील.

आधी काटा. घेतल्या घेतल्या दहा रुपयांची दहा नाणी ठेवून बघा, ७७ ग्रॅमच्या आसपास आकडा आला पाहिजे. मग तीच नाणी दोन-अडीच किलोच्या भरलेल्या डब्यावर ठेवा. वाढ तेवढीच दिसली तर वरच्या वजनांनाही काटा सरळ चालतो असं समजा. एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे चालेल. याच्या भरवशावर मटणवाल्याशी भांडायला मात्र जाऊ नका, दुकानातल्या काट्याला वैधमापन खात्याची मोहोर असते, याला नसते.

त्याची खरी खोड हळू पडणाऱ्या वजनात दिसते. तेलाची बारीक धार धरली की सुरुवातीचे काही ग्रॅम काटा मोजतच नाही, कारण शून्याजवळची बारीक हालचाल तो स्वतःच पुसून टाकतो. म्हणून कढईत पडणारं तेल मोजू नका, बाटली मोजा. तेलाची बाटली काट्यावर ठेवून शून्य करा, फोडणीत तेल ओता, बाटली परत ठेवा. पडद्यावर उणे ४७ आलं की ४७ ग्रॅम तेल गेलं. यात कढई गॅसवरून हलवावी लागत नाही आणि पळीला चिकटलेल्या तेलाचा वादही मिटतो. काटा काही वेळाने आपोआप बंद होतो आणि मघाचं शून्य विसरतो, तेवढं सांभाळा. शिवाय मोडचं बटण चुकून दाबलं तर ग्रॅमचे औंस होतात. अर्धा किलो मटण १७-१८ दिसायला लागलं की तिथेच बघायचं.

मोठं पातेलं ठेवलं की पडदा झाकला जातो. तबकडीवर एक बुटका, सपाट बुडाचा डबा पालथा घाला, शून्य करा, मग पातेलं ठेवा. गरम भांडं थेट ठेवू नका. खालच्या लोडसेलला (वजन मोजणाऱ्या भागाला) उष्णता लागली की आकडा सरकत राहतो, आणि प्लॅस्टिकचंही भलं होत नाही. मधे लाकडी पाट घ्या. आणखी एक काम एकदाच करून ठेवायचं: घरातल्या कुकरचं (झाकण आणि शिट्टीशिवाय), पातेल्याचं, कढईचं रिकामं वजन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा. भरल्या पातेल्याखाली ५ किलोचा काटा पटकन कमी पडतो, त्यामुळे थोडे पैसे वाचवायला ५ किलोवाला घेण्यात अर्थ नाही.

आता मांस. घोळ होतो तो कच्च्या-शिजलेल्याचा. बिनकातडीच्या, बिनहाडाच्या चिकन ब्रेस्टमध्ये कच्चं असताना १०० ग्रॅमला सुमारे १२० कॅलरी आणि २२.५ ग्रॅम प्रथिनं असतात. भाजल्यावर त्याच १०० ग्रॅमला १६५ कॅलरी आणि ३१ ग्रॅम प्रथिनं. कॅलरी कुठून वाढल्या नाहीत, पाणी गेलं. २०० ग्रॅम भाजलेलं चिकन म्हणजे कच्चं साधारण २७५ ग्रॅम. ताटातले २०० ग्रॅम मोजून कच्च्याची नोंद लावली तर ३३० च्या जागी २४० लिहिल्या जातात. उलटं केलं, म्हणजे कच्चं मोजून शिजलेल्याची नोंद लावली, की तेवढ्याच वाढतात. शक्यतो कच्चंच मोजा. किती आटलं ते आचेवर, वेळेवर आणि झाकणावर ठरतं. कच्च्याला त्यातलं काही लागू नाही. धुतलेलं चिकन चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, नाहीतर पाण्यालाही कॅलरी लागतील. आणि कोंबडी जिवंत तोलून घेतली असेल तर पावतीवरचं वजन विसरा, घरी आलेलं पुन्हा मोजा.

मटणात आणखी एक सापळा आहे. परदेशी याद्यांत मटण म्हणजे मेंढी. आपल्याकडे बहुधा बोकड. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत शेळीच्या मांसाला १०० ग्रॅममागे ११८ कॅलरी आहेत, मेंढीच्या मांसाला १९४. एका चुकीच्या ओळीने मटणाचा आकडा दीडपटीच्याही वर जातो. त्याच संस्थेचे २०१७ चे नवे तक्ते वापरत असाल तर तिथली ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, ४.१८४ ने भागायला विसरू नका. ११८ हा आकडा चरबी काढलेल्या मांसाचा, हेही लक्षात असू द्या. खिमा घेताना मांडीचा, समोर करून घेतलेला असेल तरच हा आकडा लावा. तयार खिम्यात चरबी किती ढकललीय हे कुठलाच काटा सांगत नाही.

एका पातेल्याचा हिशोब मांडून बघू. हाडांसकट मटण १ किलो. जेवणं झाल्यावर सगळ्या ताटांतली हाडं गोळा करून मोजली, २६० ग्रॅम. म्हणजे मांस ७४०, कॅलरी ८७३. तेल ६० ग्रॅम, ५४०. सुकं खोबरं ५० ग्रॅम, ३३०. कांदे ३०० ग्रॅम, १२०. आलं-लसूण, मसाले, थोडी खसखस मिळून १०० धरू. एकूण १,९६३. नीट बघा, या ‘मटणाच्या’ रश्श्यात निम्म्याहून जास्त कॅलरी मटणाच्या नाहीतच. तेल आणि खोबरं या दोघांनीच ८७० आणल्या. शिजलेला रस्सा, पातेल्याचं वजन वजा करून, २,५०० ग्रॅम भरला. हाडं वगळून २,२४०. म्हणजे १०० ग्रॅमला ८८ कॅलरी. वाटीत ३१० ग्रॅम खाल्लं, सुमारे २७२.

इथे थांबलात तर वाटी कुणाची यावर चूक ठरते. शिजल्यावर हाडाशिवायचे तुकडे ५०० ग्रॅम भरले असं धरा. मांसाच्या ८७३ कॅलरी त्या ५०० ग्रॅममध्ये, म्हणजे १०० ला १७५. उरलेल्या १,७४० ग्रॅम रश्श्यात १,०९०, म्हणजे १०० ला ६३. आता तीच ३१० ग्रॅमची वाटी: १२० ग्रॅम तुकडे आणि १९० रस्सा घेणाऱ्याला ३२९ कॅलरी, ४० ग्रॅम तुकडे आणि २७० रस्सा घेणाऱ्याला २३९. वाटी एकच, फरक ९०. मांसातली थोडी चरबी रश्श्यात उतरते म्हणून खरा फरक याहून जरा कमी, पण सरासरी ८८ दोघांनाही लागू नाही. म्हणून वाढताना तुकडे आणि रस्सा वेगळे मोजायचे. आधी रिकामी वाटी ठेवून शून्य, तुकडे, आकडा लिहा, पुन्हा शून्य, मग रस्सा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तवंगाचं मात्र या पद्धतीतही जमत नाही. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यावरची तर्री डावाने वरवर घेतली तर त्या डावात तेलच जास्त. तळातून घेणाऱ्याच्या वाटणीचंही तेल तुमच्याकडे आलेलं असतं. वाढण्याआधी डाव तळापर्यंत घालून ढवळा, किंवा तर्री वेगळी काढून तिचे ग्रॅम सरळ तेल म्हणून लिहा. नळीचंही तसंच: चोखून खाल्लीत तर आतली मज्जा ही बरीचशी चरबी, ११८ च्या हिशोबात न बसणारी. पण एक-दोन नळ्यांसाठी वही उघडण्याइतकं ते मोठं नाही. हाडांच्या वजनात २० ग्रॅम चुकले तर सगळ्या पातेल्यात २४ कॅलरी हलतात. एक चमचा, म्हणजे १० ग्रॅम तेल लिहायचं राहिलं तर ९०. कशावर डोळे ताणायचे हे यावरून ठरवा.

तळणाला वेगळी रीत. सुरमई किंवा चिकन तव्यावर परतायच्या आधी तवा तेलासकट मोजा, तुकडे काढून घेतल्यावर जरा निवला की पुन्हा मोजा. जे कमी झालं ते तुकड्यांनी घेतलं असं धरा. तव्यावर सांडलेला रवा तेलातच मोजला जातो, त्यामुळे आकडा किंचित कमी येतो. रवा लावण्याआधी आणि नंतर त्याची ताटली मोजली तर निदान एकूण रवा किती लागला ते कळतं.

ॲपपैकी क्रोनोमीटरमध्ये नोंदीचा स्रोत दिसतो, त्यामुळे कच्चं की शिजलेलं हे तपासता येतं. रेसिपी भरून शिजलेलं एकूण वजन ग्रॅममध्ये टाकता येतं. मायफिटनेसपालमध्ये बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या, एकाच चिकनच्या दहा ओळी आणि दहा आकडे. तिथे स्वतःची रेसिपी बनवा आणि एकूण वाढप (सर्व्हिंग) म्हणून २२.४ लिहा (२,२४० ग्रॅम भागिले १००). मग ३१० ग्रॅम खाल्लं की ३.१ टाकायचं. मांस आणि रस्सा अशा दोन रेसिप्या केल्या तर उत्तम.

बाजारात ‘न्यूट्रिशन स्केल’ नावाचे महागडे काटेही मिळतात, पदार्थाचा कोड दाबला की कॅलरी दाखवणारे. ते आतल्या ठरलेल्या आकड्याने वजनाला गुणतात, बस्स. तुमच्या कढईत तेल ४० ग्रॅम पडलं की ८०, हे त्यांना कळायचा मार्ग नाही. तीनशेचा एसएफ-४०० घ्या, सोबत सेलची एक जोडी जास्तीची; सेल उतरायला लागले की आकडे आधी बहकतात, काटा मग बंद पडतो.