पालकांनी चालवलेली बालवाडी: डोळखांबकडच्या पाड्यावर काय चांगलं, काय कच्चं

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे, डांबरी सोडून आत गेलं की ठाकूर-कातकरी वस्तीचा एक पाडा लागतो. तिथली बालवाडी पालकच चालवतात. ३ ते ६ वयाची २६ मुलं, मानधनावर एक ताई, रोज पाळीने येणारे दोन पालक, वेळ साडेनऊ ते साडेबारा. अंगणवाडी ओहोळापलीकडे आहे आणि पावसात ओहोळ चढला की तिकडे जाता येत नाही, म्हणून हा खटाटोप. पाड्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे बरं-वाईट दोन्ही लिहायचं आहे.

आधी जमेची बाजू. २६ मुलांमागे तीन मोठी माणसं. ३ ते ६ वयासाठी राष्ट्रीय धोरणात २० मुलांमागे एक मोठं माणूस धरलं आहे, तेव्हा ठाण्यातल्या कुठल्याही महागड्या नर्सरीला हेवा वाटावा असं हे प्रमाण आहे. खोली २० बाय १८ फूट, म्हणजे ३६० चौरस फूट. ३० मुलांना ३५ चौरस मीटर हा निकष लावला तरी २६ मुलांना साधारण ३२७ चौरस फूट लागतात, म्हणजे पुरते. वरचे पत्रे मात्र मार्च-एप्रिलमध्ये भाजून काढतात. त्या दिवसांत अकरानंतर सगळी पलटण आंब्याखाली.

भाषेचा फायदा सगळ्यात मोठा. ताई पुस्तकी मराठी बोलते, पण पाळीवर आलेली आजी ठाकरीत गोष्ट सांगते आणि आठवडाभर तोंड न उघडलेलं पोर मध्येच तिची चूक काढतं. घरची भाषा वर्गात आली पाहिजे हे २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय, इथे ती आजीच्या पायांनी येते. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालवाडीला सुरुवात केली आणि १९५७ पासून कोसबाडला काम नेलं, तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हाच होता. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा धडा या पाड्याने पुस्तक न वाचता उचललेला दिसतो.

खेळसाहित्यही त्याच वळणाचं. मिसळलेली नाचणी आणि तांदूळ निवडायला देतात, ओली माती मळायला देतात, पानं लहान-मोठ्या क्रमाने लावायला सांगतात. बोटांची चिमूट यातूनच तयार होते आणि पुढे पेन्सिल हातात बसते.

पण मोजणीच्या ताटलीत गुंजा होत्या. लाल-काळ्या, दिसायला देखण्या, रानात फुकट मिळणाऱ्या. गुंज अख्खी गिळली तर कडक सालामुळे बहुधा तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा माळेसाठी भोक पाडलेली पोटात गेली तर जिवावर बेततं. इथे तर माळाच ओवलेल्या होत्या. त्या त्याच दिवशी काढायला हव्यात. चिंचोके चालतील, तेही चार वर्षांच्या वरच्यांनाच, कारण त्याहून लहान मुलं चिंचोका नाकात घालतात. लहानांना नाकात-घशात जाणार नाही एवढं मोठं काहीतरी द्या.

आता जेवण. माणशी ५० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम मूगडाळ, ५ मिली तेल आणि मिळेल ती भाजी घालून खिचडी. सोबत नाचणी, गूळ, शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू. हिशेब केला तर साधारण ४६० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं होतात. अंगणवाडीचा निकष बरीच वर्षं ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचा होता, त्या मापाने घोडं जवळपास गंगेत न्हालं. शेंगदाणे अख्खे न देता कूट करून देतात, हे विशेष चांगलं. लहान मुलाच्या घशात अडकायला एक दाणा पुरतो. पावसाच्या सुरुवातीला टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या खिचडीत येतात.

घोळ होतो तो मापात. २६ मुलांना डाळ ५२० ग्रॅम लागते, पण मूठ प्रत्येकीची वेगळी. सोमवारी चमचा उभा राहील अशी खिचडी, गुरुवारी पिवळं पाणी. डाळ महाग, त्यामुळे हात आखडला की पहिली तीच कमी होते आणि प्रथिनंही तिच्याबरोबर जातात. उपाय साधा आहे: एका डब्याला आतून दोन खुणा करायच्या, एक तांदळाची, एक डाळीची, आणि तो डबा चुलीजवळून हलवायचा नाही. चूल त्याच खोलीच्या कोपऱ्यात आहे, मध्ये बांबूची आडवी काठी. तीन वर्षांचं पोर तिच्याखालून सहज जातं, तिथे कुडाची कमरेएवढी भिंत हवी.

पाणी विहिरीचं. कापडाने गाळतात आणि शुद्ध झालं असं धरून चालतात. गाळल्याने कचरा जातो, जुलाबाचे जंतू जात नाहीत. चांगल्या प्रतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम लागते आणि नंतर किमान अर्धा तास थांबावं लागतं. हंड्यासाठी इतकं बारीक माप कोणी करू शकत नाही, तेव्हा उकळणं बरं. मे महिन्यात टँकरची वाट बघतात. तानसा आणि भातसा धरणं याच तालुक्यात, पण ते पाणी मुंबईचं!

खरी कसोटी पाळीची. २४ घरं, महिन्याला प्रत्येकी दोन पाळ्या म्हणजे ४८. २२ दिवसांना ४४ लागतात. शिल्लक फक्त चार. आवणी (भाताची लावणी) आणि कापणीच्या दिवसांत ही शिल्लक पहिल्याच आठवड्यात संपते आणि ताई एकटी उरते. दिवाळीनंतर कातकरी घरं वीटभट्टीवर गेली की घरंही कमी होतात, मुलंही. गेलेल्या मुलाचं नाव पटावरून कापत नाहीत, पाऊस लागल्यावर ते परत आपल्या जागी बसतं. हे फार महत्त्वाचं. फी घरामागे महिना १५० रुपये, त्याचे ३६०० होतात आणि ताईचं मानधन ४०००. तूट वर्गणीवर भागते, म्हणजे कधीकधी भागत नाही.

पाळीचा दुसरा तोटा शिकवण्यात दिसतो. ताईला अंगणवाडीचा ‘आकार’ अभ्यासक्रम माहीत आहे, ती खेळातून शिकवते. पण पाळीवरचे वडील आले की पाटीवर १ ते १०० सुरू. चार वर्षांची मुलगी ८ गिरवताना दात-ओठ खात होती. तिला आठ सागरगोटे मोजून द्यायला सांगितले तर पाचवर थांबली. ही बापांची चूक नव्हे, त्यांच्या शाळेत तेवढंच होतं. पाळी सुरू होण्याआधी दहा मिनिटं ताईने ‘आज काय करायचं, काय नाही’ सांगितलं तरी बरंच सुधारेल.

निरीक्षण वही आहे. बहुतेक पानांवर ‘मुलं छान खेळली’. एका पानावर मात्र कुणीतरी लिहिलंय: ‘दगड बुडतो, पान तरंगतं. पानावर खडा ठेवून चार वेळा बुडवलं.’ अशी एक ओळ रोज मिळाली तर ताईला दुसऱ्या दिवशी बादलीत काय ठेवायचं ते कळेल. सध्या वही कोणी परत वाचत नाही.

वजन-उंची इथे घेत नाहीत, म्हणून मुलाचं नाव अंगणवाडीत ठेवाच. दर महिन्याचं वजन, दंडघेर, लसी, जंताची गोळी तिथेच होते. पाच वर्षांखालच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषण, ते लाडवाने भरून निघत नाही.

शौचालय एक, मोठ्यांच्या मापाचं, पाणी बाहेरून. भिंतीवर १०८ लिहिलेला आहे. शेजारी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाचा आणि जीपवाल्याचा नंबरही हवा, कारण पावसाळ्यात साप निघतात.

प्रवेश जूनमध्ये. जन्मदाखला नसला तरी अडवत नाहीत, लसीकरण कार्ड मात्र बघतात. आधी दोन दिवस पालकाने आत बसायचं, मग मुलाला सोडायचं. वाटी-चमचा घरून आणावा लागतो, आणि पाळीची तारीख पहिल्याच दिवशी मागून घ्यावी, नंतर फक्त आवणीच्या तारखा उरतात.